बावीस वर्षांनंतर फ्लॅट पेडल

जमिनीवर एक जुनी ट्यूब चौपदरी दुमडून आडवी टाकली होती. जाडी जेमतेम दोन बोटं. तिच्यावरून सायकल उडवायची आणि ट्यूबला टायर लागू द्यायचा नाही, एवढंच काम होतं. पुढचं चाक आरामात पार गेलं. मागचं ‘थप्’ करून ट्यूबवर आपटलं. परत आले, परत केलं, परत थप्. वीस-बावीस वेळा केलं असेल. प्रत्येक वेळी तोच आवाज.

मी बावीस वर्षं माउंटन बाइक चालवते आहे. वीतभर जाडीचे आडवे ओंडके मी वेग न तोडता ओलांडलेले आहेत, पावसात, दगडांतून, अंधारात हेडलाइटवर उतरलेली आहे. आणि त्या दिवशी दोन बोटांची ट्यूब ओलांडता येईना. बदललं होतं ते एकच: पेडल. क्लीटवाले बूट काढून मी साधं, सपाट, पिना असलेलं पेडल लावलं होतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने १९९० मध्ये माउंटन बाइकसाठी एसपीडी पेडल आणलं. बुटाच्या तळाला लोखंडी क्लीट, ती पेडलमध्ये ‘कट्’ करून अडकते. चढावर पाय निसटत नाही, खडबडीत रस्त्यावर पाय पेडलवरून उडत नाही. मी माउंटन बाइक सुरू केल्यावर दुसऱ्याच वर्षी क्लीट घेतली आणि नंतर मागे वळून पाहिलं नाही. पण पाय अडकलेला असला की मागचं चाक उचलायला काही शिकावंच लागत नाही. पाय वर ओढला की सायकल वर येते. दोन्ही चाकं एकदम उचलायची, झालं. मी त्यालाच बनी हॉप, म्हणजे अडथळ्यावरून सायकल उडवणं, समजत होते. फ्लॅट पेडलवर पाय वर ओढला तर पायच वर येतो, सायकल जागेवर राहते. म्हणजे जी गोष्ट मला येते असं मी दोन दशकं धरून चालले होते, ती माझा बूट करत होता.

हे सगळं सुरू झालं ते एका पडण्यातून. गेल्या वर्षी, ओळखीच्याच ट्रेलवर, एका साध्या डाव्या वळणावर पुढचं चाक गेलं. बर्म, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या कडेला असतो तो मातीचा उंच बांध, नाही; सपाट वळण, वर बारीक खडीचा थर. शेकडो वेळा घेतलेलं वळण. चाक सरकलं आणि काही कळायच्या आत मी डाव्या हातावर होते. मनगटाला चीर, सहा आठवडे प्लास्टर.

एका मैत्रिणीने पडले त्याच सकाळी मागून काढलेला व्हिडिओ मी प्लास्टरमध्ये बसून वारंवार बघितला. पडल्याचा नाही, त्याआधीच्या उताराचा. दर वेळी मला तेच दिसत होतं. उतार आला की माझी कंबर सीटच्या मागे जाते, हात दोरीसारखे ताणले जातात आणि वळण येईपर्यंत मी तशीच लटकलेली असते. हे मला कुणीतरी शिकवलेलं होतं. २००३ साली प्रत्येक नवशिक्याला हेच सांगायचे: उतारावर मागे सरक. आणि तेव्हा ते बरोबरच होतं! माझी पहिली सायकल २६ इंची चाकांची, पुढचं चाक धरणारा फोर्क ७१ अंशांत जवळजवळ उभा, हॅन्डलला जोडणारा स्टेम ११० मिलिमीटर लांब, हॅन्डल अरुंद, सीट खाली घ्यायची तर उतरून लिव्हर सोडायचा. त्या सायकलवर मागे सरकलं नाही तर पहिल्याच दगडाला हॅन्डलवरून पुढे.

आता माझ्याकडे आहे तिची चाकं २९ इंची, फोर्क ६५ अंशांत पुढे पसरलेला, स्टेम ४५ मिलिमीटर, हॅन्डल ७८० मिलिमीटर रुंद. पुढचं चाक माझ्यापासून बरंच लांब पुढे गेलं आहे. या सायकलवरून पुढे फेकलं जाणं अवघड, पण पुढचं चाक हलकं होणं फार सोपं. आणि टायरची पकड त्याच्यावर किती वजन पडतं त्यावर असते. मी मागे लटकले की पुढच्या टायरवर वजन नाही, वजन नाही म्हणून टायरचे दात मातीत रुतत नाहीत, रुतत नाहीत म्हणून बारीक खडीवर ते नुसते तरंगतात. सायकल मी तीनदा बदलली. शरीर मात्र अजून पहिलीच सायकल चालवत होतं.

सायकल बदलली की चालवणं बदलतं, हे या खेळात अगदी सुरुवातीपासून आहे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही मंडळींनी जुन्या बलून टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली शर्यती सुरू केल्या. उलटं पेडल मारून लागणारे कोस्टर ब्रेक. उतार संपेपर्यंत चाकाच्या मध्यावरच्या हबमधलं ग्रीस तापून, धूर होऊन निघून जायचं आणि नवं भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याचं नावच ‘रीपॅक’. त्या सायकलींवर मागचं चाक घसरवत वळायचं हाच मार्ग होता. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने नंतर १९८० च्या दशकात जॉश एंजेलबरोबर हाइट-राइट नावाची स्प्रिंग काढली. सायकलवर बसल्या बसल्या सीट खाली घेता यावी म्हणून. आज आपण अंगठ्याने लिव्हर दाबून सीट खाली-वर करतो, त्या ड्रॉपर पोस्टचं मूळ तिथलं. सीट खाली गेली की कंबरेला मागे पळायची गरज उरत नाही, ती सरळ खाली जाऊ शकते. माझ्या सायकलला गेली आठ वर्षं ड्रॉपर आहे. मी सीट खाली करत होते आणि तरीही मागे पळत होते.

प्लास्टर निघालं, हाताचे व्यायाम झाले आणि मी शिकवणी लावली. शिकवणारा माझ्या निम्म्या वयाचा मुलगा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, “ताई, आज ट्रेलवर जायचं नाही.” एका रिकाम्या, सपाट मैदानात त्याने पाण्याच्या दोन बाटल्या दहा पावलांवर ठेवल्या आणि त्यांच्याभोवती आठाच्या आकारात फिरायला सांगितलं. चालण्याच्या वेगाने.

“तुम्ही सायकलबरोबर आडव्या होताय,” तो म्हणाला. “सायकलला आडवी होऊ द्या, तुम्ही वर राहा.”

मला वाटलं, हे मी करतेच. त्याने फोनवर दाखवलं. सायकल आणि मी एकाच रेषेत तिरक्या होतो, रस्त्यावरच्या सायकलवर वळतात तसं. डांबरी रस्त्यावर ते चालतं. सुट्या मातीवर टायर सरकला की त्याच्याबरोबर तुम्हीही खाली. सायकल तुमच्या खाली तिरकी झाली आणि तुमचं वजन टायरच्या वर राहिलं, तर टायरच्या कडेचे उंच दात जमिनीत जातात, आणि थोडं सरकलं तरी सावरायला जागा राहते.

करायचं काय, तर आतल्या बाजूचा हात सरळ करत हॅन्डलची ग्रिप खाली ढकलायची. बाहेरचं कोपर वर आणि बाहेर. सगळं वजन पायांत, हातांत काही नाही. कंबर वळणाच्या दिशेने फिरवायची, बेंबीने वाट दाखवावी तशी. ऐकायला पाच मिनिटांचं काम. मला मंद वेगात जमायला तीन आठवडे लागले, आणि वेग जरा वाढवला की बावीस वर्षांची सवय पुढे यायची आणि कंबर मागे.

याबद्दल मला फार वाईट वाटायचं, हे लिहूनच ठेवते. नवशिक्याला काही येत नाही, म्हणून त्याला जमलेली प्रत्येक गोष्ट कमाई असते. माझ्याकडे आधीपासून काहीतरी होतं आणि शिकताना ते मोडत होतं. त्या काळात मी आमच्या गटात शेवटी असायचे. ज्यांना मी ट्रेल दाखवले ते उताराच्या तळाशी माझी वाट बघत थांबायचे. जुन्या पद्धतीने गेले असते तर त्यांच्या पुढे असते, आणि तो मोह प्रत्येक उतारावर व्हायचा. दोनदा मी त्याला बळीही पडले. दोन्ही वेळा छान वेग लागला आणि पुढच्या सरावात आठवडाभराचं काम पाण्यात गेल्यासारखं झालं.

कौशल्य अंगात कसं उतरतं यावर मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स आणि मायकेल पॉस्नर यांनी १९६७ मध्ये तीन टप्पे मांडले. आधी विचार करून करणं, मग चुका सुधारत जुळवणं, आणि शेवटी विचार न करता आपोआप होणं. अनुभवी माणसाची अडचण तिसऱ्या टप्प्यावर आहे. तिथे डोकं हातच घालत नाही. म्हणून “मला माहीत आहे मागे जायचं नाही” याला उतारावर काडीची किंमत नसते. पहिल्या टप्प्यावर परत उतरावं लागतं, आणि तिथे हळू जाण्याला पर्याय नाही.

दोन गोष्टींनी मला हात दिला. पहिली म्हणजे मनातल्या मनात काय म्हणायचं ते बदलणं. मी स्वतःला बजावायचे, ‘कोपर वर, कंबर फिरव, गुडघा बाहेर’. तीन आज्ञा म्हटल्या की शरीर लाकडासारखं व्हायचं. शिकवणाऱ्या मुलाने सांगितलं, शरीराला काही सांगू नका, सायकलला सांगा. मग मी फक्त ‘आतली ग्रिप जमिनीकडे’ एवढंच म्हणायला लागले आणि कोपर आपसूक वर गेलं. गाब्रिएले वुल्फ यांचा १९९८ चा एक अभ्यास नेमका याच दिशेचा आहे. स्कीच्या हालचालीसारख्या एका यंत्रावर लोकांना उभं केलं. काहींना सांगितलं, आपल्या पायांकडे लक्ष द्या. काहींना सांगितलं, पायांखालच्या फळीच्या चाकांकडे लक्ष द्या. चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. पाय आणि चाकं यांच्यात अंतर ते किती! पण फरक पडतो, आणि मैदानात मला तो त्याच दिवशी दिसला.

दुसरी गोष्ट सरावाच्या क्रमाची. मी आधी पन्नास डावी वळणं, मग पन्नास उजवी असं करायचे. शेवटची दहा सुंदर व्हायची आणि मी खूश होऊन घरी जायचे. चार दिवसांनी परत आले की पाटी कोरी. मग मिसळून सुरू केलं. एक डावं वळण, मग ट्यूबवरून एक उडी, मग ठरलेल्या खुणेवर ब्रेक मारून थांबणं, मग उजवं वळण. सराव चालू असताना हे अगदी वाईट वाटतं, कशालाच लय लागत नाही. पण पुढच्या आठवड्यात जास्त शिल्लक राहतं. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हेच मोजलं होतं. हाताने ठरलेल्या क्रमाने छोटे लाकडी अडथळे पाडायचे, काहींनी एक क्रम संपवून मग दुसरा, काहींनी मिसळून. सराव करताना मिसळणारे मागे होते, नंतर तपासलं तेव्हा पुढे. मला हे वाचून धीर आला, कारण वाईट वाटणारा सराव फुकट जात नाही एवढा भरवसा मला हवा होता.

माझं डावं वळणच का कच्चं, तेही याच काळात उलगडलं. पेडल समतल धरून उभी राहते तेव्हा माझा डावा पाय नेहमी पुढे असतो. प्रत्येकाचा एक पाय असा ठरलेला असतो, तो कोणता हे बहुतेकांनी कधी पाहिलेलंही नसतं. डावा पुढे, उजवा मागे, म्हणजे कंबर आधीच उजवीकडे वळलेली. उजवं वळण तिला सोपं जातं. डाव्या वळणाला तिला आधी मध्यावर यावं लागतं, मग पलीकडे. मी पडले तेही डाव्याच वळणावर. यावर उपाय म्हणून बाहेरचा पाय, म्हणजे उजवा, पूर्ण खाली नेऊन त्यावर वजन द्यायचं. आणि त्याहून मोठा उपाय म्हणजे उजवा पाय पुढे ठेवून उभं राहायला शिकणं. दुसऱ्या हाताने सही करण्यासारखं आहे ते. सपाट रस्त्यावर नुसतं सरळ जातानाही मला पहिले काही दिवस तोल जाईल असं वाटत होतं. आता घरापासून ट्रेलपर्यंतचा सगळा रस्ता मी उजवा पाय पुढे ठेवून घरंगळते.

ट्यूबकडे परत येते, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला.

खरा बनी हॉप दोन वेगळ्या गोष्टींचा बनलेला आहे. आधी खाली दबायचं, गुडघे आणि कोपरं वाकवून, टायर जमिनीत घुसवल्यासारखं. मग कंबर मागे आणि खाली सोडायची, हात सरळ, जणू मागच्या चाकाच्या अक्षावर बसायला चाललो आहोत. पुढचं चाक हाताने ओढायचं नाही, कंबरेच्या वजनाने ते आपोआप वर येतं. आणि ते वर असतानाच पायांवर ताडकन उभं राहायचं, कंबर हॅन्डलच्या दिशेने. इथपर्यंत सायकल मागच्या चाकावर उभी. आता दुसरी गोष्ट: पायाची बोटं खाली, टाच वर, आणि पेडलला तळव्याने मागे रेटायचं, बुटाला लागलेला चिखल पायरीच्या कडेला खरवडतो तसं. त्याच वेळी हॅन्डल पुढे ढकलायचं. मागचं चाक त्या रेटण्याने वर येतं. पिना बुटात रुतलेल्या असतात म्हणून पाय सुटत नाही.

माझं अडत होतं ते उभं राहण्यावर. कंबर मागे गेली की मी तिथून थेट पाय उचलत होते, कारण क्लीटने मला तेच शिकवलं होतं. उभं राहिल्याशिवाय पाय वर घ्यायला जागाच नसते, मग मागच्या चाकावर माझं सगळं वजन तसंच राहतं. शिकवणाऱ्या मुलाने ट्यूब काढून टाकली आणि एक महिना फक्त अर्धं करून घेतलं: दबा, मागे, उभ्या. मागचं चाक विसरून जा. या अर्ध्या भागात सायकल मागे पलटेल ही भीती असते, म्हणून एक बोट सतत मागच्या ब्रेकवर. ब्रेक लागला की पुढचं चाक खाली येतं. हे त्याने मला मुद्दाम वीस वेळा करायला लावलं, गरज नसताना, आणि मगच भीती गेली. माझ्या वयाच्या कुणाला एकच सांगायचं असेल तर हे सांगेन: उडीच्या आधी, उडी मोडता येणं शिका.

नडगीला पॅड लावाच. मी दोन दिवस लावले नाहीत. पिनांचे सात व्रण अजून आहेत.

आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटं. त्यापेक्षा जास्त केलं की थकलेलं शरीर जुन्या वाटेने जातं आणि तुम्ही चुकीचाच सराव पक्का करता. लांबच्या राइडनंतर शेवटी ‘जरा दोन उड्या’ मारणं मी पूर्ण बंद केलं.

एका सकाळी ट्यूब पुन्हा टाकली. दबले, कंबर मागे, उभी राहिले, पाय रेटले. आणि आवाजच आला नाही. क्षणभर सगळं थांबल्यासारखं, मग दोन्ही टायर पलीकडच्या जमिनीवर, पुढचं आणि लगेच मागचं. मी सायकल वळवून ट्यूब जागेवरून हलली का बघायला गेले. हलली नव्हती. तिच्यावर ओरखडाही नव्हता. तिथेच सायकलला टेकून उभी राहिले आणि मला रडू आलं. सांगायला संकोच वाटत नाही. पंचेचाळिशी ओलांडल्यावर शरीर एखादी नवी गोष्ट स्वीकारतं, तेव्हा काय वाटतं हे ज्याने अनुभवलं आहे त्याला कळेल.

त्या डाव्या वळणाकडे मी सात महिने गेले नव्हते. मागच्या रविवारी गेले. आधी उतरून चालत पाहिलं. खडी तशीच, बाहेरच्या कडेला जरा जास्त साठलेली. कुठे ब्रेक संपवायचा ती जागा ठरवली, एका वाकड्या मुळाजवळ. वळणाच्या आत ब्रेक धरला तर टायरची पकड थांबण्यात खर्च होते, वळायला काही उरत नाही. म्हणून मुळापर्यंत सगळा वेग कमी करायचा आणि तिथे बोटं सैल.

पहिल्यांदा फार हळू गेले. दुसऱ्यांदा नजर चुकून खडीवर गेली आणि सायकलही तिकडेच निघाली, पाय टेकला. तिसऱ्यांदा मुळाजवळ ब्रेक सोडला, उजवा पाय खाली, वळण जिथे संपतं त्या झुडपाकडे बघितलं आणि मनात म्हटलं, आतली ग्रिप जमिनीकडे. अर्ध्यात पुढचा टायर सरकला. बोटभर असेल. पूर्वी याच क्षणी कंबर मागे पळायची. या वेळी ती जागेवर होती, छाती हॅन्डलच्या वर, आणि टायरचे कडेचे दात खडीखालच्या मातीत शिरताना हातांना कळले, एक बारीक ‘खर्र’, आणि सायकल वळली.

परत वर ढकलत नेली आणि आणखी सहा वेळा उतरले. चौथ्या आणि सहाव्या खेपेला कंबर थोडी मागे गेलीच, व्हिडिओत दिसतं आहे. उद्या सकाळी मैदानात जायचं आहे. दोन ट्यूब एकावर एक, आणि उजवा पाय पुढे.